वाचनालयाच्या वर्डप्रेस साइटसाठी होस्टिंग कसं निवडावं?

खानापूर तालुक्यातल्या एका वाचनालयाच्या कार्यवाहांचा प्रश्न थोडक्यात असा: "आमची वर्डप्रेसवर साइट आहे. सूचना मराठी आणि कन्नड दोन्हींत टाकतो. जुन्या स्मरणिकांच्या पीडीएफ, व्याख्यानमालेचे फोटो, पुस्तकांची यादी हे सगळं त्यावर आहे. साइट करून देणारा मुलगा आता पुण्याला नोकरीला असतो. दोन महिन्यांनी होस्टिंगची मुदत संपते आणि नूतनीकरणाचं बिल पहिल्या वेळेच्या जवळजवळ तिप्पट आलंय. वर्षाला सहा-सात हजार देऊ शकतो. कुठल्या कंपनीकडे जावं? वर्डप्रेसचा अ‍ॅडमिन पासवर्ड आमच्याकडे आहे, सीपॅनेलचा (होस्टिंगच्या नियंत्रण पानाचा) नाही. तरी साइट हलवता येईल का?"

साइट हलवता येईल, कशी ते पुढे येतंच. कंपनीचं नाव मात्र मी सगळ्यात शेवटी ठरवायला सांगेन. बेळगाव, निपाणी, खानापूर भागातल्या संस्थांच्या साइट मी बरीच वर्षं सांभाळतोय, आणि बंद पडलेल्या साइटमागे कंपनीचा सर्व्हर वाईट होता असं क्वचितच दिसतं. डोमेन, म्हणजे साइटचं नाव, कुणाच्या तरी खासगी जीमेलवर नोंदवलेलं असतं, ओटीपी परगावी गेलेल्या मुलाच्या मोबाइलवर जातो, बॅकअप त्याच सर्व्हरवर असतो आणि मुदत संपल्याची मेल कुणी उघडतच नाही. आपल्याकडची पोरं शिकून पुण्याला, बंगळूरला जाणारच. त्यात त्यांचा दोष नाही. संस्थेची कागदपत्रं जशी कपाटात असतात, तशा या चाव्याही संस्थेकडेच असायला हव्यात. म्हणून होस्टिंग निवडताना पहिला प्रश्न हा: उद्या इथून बाहेर पडायचं ठरवलं, तर कुणाची परवानगी न मागता सगळं सामान घेऊन निघता येईल का? ज्या ठिकाणी याचं उत्तर "हो" असेल, तिथे बाकीच्या उणिवा चालवून घेता येतात.

यासाठी दोन गोष्टी वेगळ्या ओळखा. होस्टिंग, म्हणजे साइटच्या फाइली ठेवायची सर्व्हरवरची जागा, हा भाड्याचा गाळा आहे, डोमेन म्हणजे जागेचा उतारा. गाळा कधीही बदलता येतो, उतारा दुसऱ्याच्या नावावर राहून चालत नाही. "होस्टिंग घ्या, एक वर्ष डोमेन फुकट" ही योजना दिसते छान, पण त्यामुळे दोन्ही एकाच खात्यात अडकतात आणि भांडण झालं की दोन्हीकडे अडचण होते. डोमेन स्वतंत्र नोंदणीदाराकडे (डोमेन विकणाऱ्या कंपनीकडे), संस्थेच्या नावाने आणि संस्थेच्याच ईमेलवर ठेवा. डॉट इन डोमेनचं नियमन निक्सी (नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया) करते, वर्षाचा खर्च साधारण हजाराच्या आत येतो. हा ईमेल त्याच डोमेनवरचा नसावा, कारण डोमेन बंद पडलं की मेलही बंद आणि आठवणीची सूचनाही बंद. कार्यवाह आणि खजिनदार दोघांना उघडता येईल असं वेगळं जीमेल खातं काढा आणि त्याला संस्थेच्या कार्यालयातला मोबाइल नंबर जोडा.

कार्ड नोंदवून ठेवलंय, पैसे आपोआप जातील, या भरवशावरही राहू नका. आवर्ती पेमेंटबाबतचे रिझर्व्ह बँकेचे नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून लागू झाले. तेव्हापासून परदेशी कंपन्यांकडचं ऑटो-रिन्यूअल आपल्या कार्डावर बऱ्याचदा नाकारलं जातं. डोमेन एकदम तीन-पाच वर्षांचं भरून टाका आणि मुदतीची तारीख सभेच्या इतिवृत्तात लिहून ठेवा. डॉट कॉमची मुदत उलटून सवलतीचा काळही संपला की रिडेम्प्शनचे ३० दिवस सुरू होतात. त्यात नाव सोडवायला नेहमीच्या दराच्या कैक पट पैसे मोजावे लागतात.

आता दर. जाहिरातीत दिसणारा महिन्याचा आकडा बहुतेक वेळा तीन किंवा चार वर्षांचे पैसे एकदम भरले तरच मिळतो. वर १८ टक्के जीएसटी लागतो, तो शेवटच्या पानावर दिसतो. आणि नूतनीकरण मूळ दराने होतं, तो पहिल्या मुदतीच्या दुप्पट-तिप्पट असतो. तुमचं बिल तिप्पट आलं ते यामुळेच. तेव्हा तुलना करताना पहिल्या वर्षाचा दर बाजूला ठेवा. पहिली मुदत, त्यापुढचं एक नूतनीकरण आणि जीएसटी मिळून एकूण रक्कम काढा, तिला वर्षांनी भागा आणि तो आकडा कार्यकारिणीपुढे ठेवा. स्वस्त वाटणाऱ्या दोन-तीन योजना तिथेच गळतात.

परीक्षणं वाचून ठरवणार असाल तर एक गोष्ट लक्षात घ्या. "सर्वोत्तम दहा होस्टिंग" छापाच्या याद्या लिहिणाऱ्यांना प्रत्येक विक्रीमागे कमिशन मिळतं. शिवाय ब्लूहोस्ट, होस्टगेटर, बिगरॉक ही नावं वेगळी दिसली तरी मालकी न्यूफोल्ड डिजिटल या एकाच समूहाची आहे. त्यांची आपसातली तुलना वाचून फारसं हाती लागत नाही.

"अनलिमिटेड" हा शब्द मात्र जरा खोलात जाऊन पाहायला हवा, कारण तुमच्यासारख्या फोटोंच्या साइटला तो हमखास नडतो. जागा अमर्याद असली तरी फाइलींच्या संख्येला मर्यादा असते, तिला इनोड लिमिट म्हणतात. व्याख्यानमालेला कुणी मोबाइलवर काढलेला १२ मेगापिक्सेलचा एक फोटो वर्डप्रेसवर चढवला, की मूळ फाइल राहते आणि तिच्या २५६०, २०४८, १५३६, १०२४, ७६८, ३०० आणि १५० पिक्सेलच्या प्रती आपोआप तयार होतात. एका फोटोच्या आठ फाइली. थीम आणि प्लगइन आपापल्या मापाच्या आणखी काढतात ते वेगळंच. एका कार्यक्रमाचे ५०० फोटो म्हणजे ४,००० फाइली. दरवर्षी गणेशोत्सव, शिवजयंतीचा चित्ररथ, व्याख्यानमाला, वर्धापनदिन असे चार-पाच कार्यक्रम धरले तर तीन-चार वर्षांत संख्या लाखाकडे जाते. मर्यादा ओलांडली की नवा फोटो चढत नाही, काही ठिकाणी बॅकअपही बंद होतो, आणि डॅशबोर्डवर धड कारणही दिसत नाही. तेव्हा विकत घेण्याआधी इनोडचा आकडा लेखी विचारा. सोबत कार्यक्रमाचे निवडक तीस-चाळीसच फोटो, रुंदी १६०० पिक्सेलपर्यंत कमी करून टाकायची शिस्त लावा. जांबोटी-कणकुंबीकडे पावसाळ्यात रेंज कशी असते ते तुम्हाला सांगायला नको. हलकी पानं तिथल्या सभासदालाही उघडतील.

दुसरी मर्यादा एकाच वेळी किती विनंत्या हाताळायच्या याची. शेअर्ड योजनेत, म्हणजे एकाच सर्व्हरवर अनेक ग्राहक असतात तिथे, तुमच्या खात्याला प्रोसेसर, मेमरी आणि एकावेळी चालणाऱ्या प्रोसेस ठरवून दिलेल्या असतात. एरवी ते जाणवत नाही. पण कडोली, उचगाव, येळ्ळूरसारख्या गावांतल्या साहित्य संमेलनाची कार्यक्रमपत्रिका व्हॉट्सअ‍ॅपवर फिरू लागली की पाच मिनिटांत दोनशे माणसं त्याच दुव्यावर बोट ठेवतात. एका संमेलनाच्या साइटवर नेमक्या उद्घाटनाच्या सकाळी "५०८ रिसोर्स लिमिट" अशी पाटी झळकताना मी पाहिली. त्या दिवशी कंपनीच्या माणसाने महागडी योजना घ्या एवढंच सुचवलं. खरं काम झालं ते पेज कॅशने. कॅश चालू असली की वर्डप्रेस प्रत्येक वाचकासाठी पीएचपी (ते ज्या भाषेत लिहिलंय ती) चालवून डेटाबेस उघडत बसत नाही, तयार पान उचलून देतं. त्याच योजनेवर ती साइट त्यानंतर विनातक्रार चालली. होस्टिंगचं सर्व्हर-सॉफ्टवेअर लाइटस्पीड असेल तर लाइटस्पीड कॅश हे फुकट प्लगइन थेट सर्व्हरच्या पातळीवर काम करतं. दोन योजनांत दर सारखा असेल तर मी लाइटस्पीडवाली घेईन.

सर्व्हर कुठे असावा? बेळगावपासून मुंबई आणि बंगळूर दोन्ही साधारण पाचशे किलोमीटरवर, त्यामुळे यातलं कुठलंही चालेल. अमेरिका मात्र नको. तिथे जाऊन परत यायला एका फेरीला दोनशे मिलीसेकंदांहून जास्त लागतात. सुरक्षित जोडणी होऊन पानाचा पहिला अंश हाती यायला किमान तीन फेऱ्या होतात, म्हणजे सर्व्हर कितीही वेगवान असला तरी अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ नुसत्या प्रवासात जातो. कंपनीचं कार्यालय भारतात आहे म्हणून सर्व्हरही भारतात असेल असं नसतं. खरेदीच्या वेळी डेटा सेंटर निवडायची सोय असते, ती शोधा.

आता आपल्या भाषांचा मुद्दा, जो होस्टिंगच्या कुठल्याच तुलनेत वाचायला मिळत नाही. मायएसक्यूएलमध्ये, म्हणजे वर्डप्रेसचा मजकूर साठवणाऱ्या डेटाबेसमध्ये, "यूटीएफ८" नावाचा जुना अक्षरसंच एका चिन्हाला जास्तीत जास्त तीन बाइट देतो. देवनागरी आणि कन्नड अक्षरं तीन बाइटांत बसतात, पण इमोजीला चार लागतात. वर्डप्रेसने २०१५ मध्ये ४.२ आवृत्तीपासून "यूटीएफ८एमबी४" स्वीकारलं. नव्या होस्टिंगवरचा डेटाबेस त्याच संचात आहे ना, हे आधी तपासा. साइट हलवताना डेटाबेसची निर्यात चुकीच्या संचात झाली तर दोन प्रकारचा बिघाड दिसतो, आणि दोन्हींतला फरक ओळखता आला पाहिजे. मराठी मजकुराच्या जागी टोपी घातलेले रोमन ए आणि चित्रविचित्र चिन्हांची रांग दिसली, तर घाबरू नका. बाइट शाबूत आहेत, फक्त चुकीच्या संचात वाचले जाताहेत, जाणकार माणूस मजकूर परत मिळवून देतो. पण मजकुराच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं दिसली, तर त्या प्रतीतली अक्षरं गेली, ती परत येत नाहीत. अशा वेळी जुनी साइट जिवंत असणं हाच आधार. मायएसक्यूएल ८ वरून काढलेली प्रत मारियाडीबी या त्याच घराण्यातल्या डेटाबेसच्या जुन्या आवृत्तीत घालताना कोलेशन (अक्षरांचा क्रम लावायचा नियम) ओळखता येत नाही म्हणून आयात मध्येच थांबते, हाही नेहमीचा अनुभव. त्यात मजकूर हरवत नाही. फाइलीतलं कोलेशनचं नाव बदललं की काम पुढे सरकतं.

पत्त्यांचंही तसंच. वर्डप्रेस शीर्षकावरून पानाचा पत्ता बनवतं आणि त्याची लांबी २०० चिन्हांवर तोडतं. देवनागरीचं एकेक चिन्ह, मग ते अक्षर असो, काना असो की हलन्त, पत्त्यात नऊ चिन्हांची जागा खातं. म्हणजे जेमतेम २२ चिन्हं मावतात. "कडोली साहित्य संमेलनाची कार्यक्रमपत्रिका" असं शीर्षक दिलंत तर पत्ता "संमेलनाची" इथेच तुटतो. पुढच्या वर्षी "कडोली साहित्य संमेलनाची छायाचित्रे" टाकलीत की तोच पत्ता पुन्हा बनतो आणि मागे २ लागतो. त्यापेक्षा पत्ता रोमन लिपीत, आटोपशीर, वर्ष घालून स्वतः लिहा. फोटोंच्या आणि पीडीएफच्या फाइलींची नावंही रोमनमध्येच ठेवा. देवनागरी नावाच्या फाइली एका सर्व्हरवर झिप करून दुसऱ्यावर उघडल्या की काही वेळा नावं बिघडतात आणि साइटवर फोटोंच्या जागी रिकामे चौकोन उरतात. काही होस्टिंगवर मॉडसिक्युरिटी या सर्व्हरच्या सुरक्षा-चाळणीचे नियम इतके कडक असतात की लांब मराठी किंवा कन्नड लेख जतन करताना ४०३ (परवानगी नाही) ची चूक येते. तो नियम तुमच्या खात्यापुरता शिथिल करून देणारी मदत हवी, "तुमचं प्लगइन तपासा" म्हणून फोन ठेवणारी नको.

म्हणून पैसे भरण्याआधी किंवा पैसे परत मिळण्याच्या मुदतीत एक चाचणी घ्या. रिकाम्या वर्डप्रेसवर अर्धा मराठी, अर्धा कन्नड असा मोठा लेख टाका, त्यात दोन-चार इमोजी घाला, एक दहा-पंधरा एमबीची स्मरणिकेची पीडीएफ चढवा, दोन्ही लिप्यांत शोध घेऊन पाहा. मग त्या प्रतीचा बॅकअप काढा, साइट पुसून टाका आणि बॅकअपवरून पुन्हा उभी करा. यात जिथे अडाल तिथे मदत केंद्राला रविवारी रात्री लेखी प्रश्न पाठवा. उत्तर किती वेळात आलं यापेक्षा त्यात तुमच्या प्रश्नाचं उत्तर होतं का, हे बघा.

(जुन्या स्मरणिका छापखान्यातून श्रीलिपीत (युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमध्ये) मिळाल्या असतील तर मजकूर आधी युनिकोडमध्ये करून घ्या. नाहीतर पीडीएफ साइटवर असूनही त्यातला एक शब्द शोधात सापडणार नाही.)

बॅकअपबद्दल मी आग्रहाने सांगतो. होस्टिंग कंपनीचा "दररोज बॅकअप" चांगलाच, पण तो किती दिवसांचा राहतो, परत घ्यायला पैसे पडतात का, आणि तुम्ही स्वतः उतरवून घेऊ शकता का, हे तिन्ही विचारा. १० मार्च २०२१ ला फ्रान्समध्ये स्ट्रासबर्गला ओव्हीएच या मोठ्या कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली आणि ज्यांचा बॅकअपही त्याच आवारात होता अशा अनेक ग्राहकांचा डेटा कायमचा गेला. अपड्राफ्टप्लससारखं प्लगइन लावून दर आठवड्याची प्रत संस्थेच्या गूगल ड्राइव्हवर जाऊ द्या आणि महिन्यातून एकदा ती वाचनालयातल्या हार्ड डिस्कवर उतरवा. सीमाभागातल्या छोट्या मराठी संस्थांच्या स्मरणिका, भाषणं, कार्यक्रमांचे वृत्तान्त बहुतेकदा दुसरीकडे कुठेच नसतात. छापील प्रती वाळवीने खाल्लेल्या, आणि साइट गेली की तो इतिहास गेला. हे काम होस्टिंग कंपनी तुमच्यासाठी करणार नाही.

बाकीचं भराभर. पीएचपी ८.३ किंवा पुढची आवृत्ती एका क्लिकवर निवडता आली पाहिजे. ७.४ च्या सुरक्षा-दुरुस्त्या नोव्हेंबर २०२२ लाच थांबल्या, तरी काही ठिकाणी ती अजून दिलेली असते. साइटची जोडणी सुरक्षित करणारं लेट्स एन्क्रिप्टचं प्रमाणपत्र फुकट मिळतं, त्यासाठी वेगळे पैसे मागणाऱ्याकडे जाऊ नका. "९९.९ टक्के अपटाइम" म्हणजे महिन्याला ४३ मिनिटं बंद, वाचनालयाला ते चालतं. संपर्क अर्जाची मेल शेअर्ड सर्व्हरवरून थेट पाठवली तर स्पॅममध्ये जाते, खऱ्या मेल खात्यातून मेल पाठवणारं एसएमटीपी प्लगइन लावा. व्हीपीएस, म्हणजे देखभाल स्वतः करायचा भाड्याचा सर्व्हर, घेऊ नका. तो देणाऱ्या डिजिटलओशनचं केंद्र बंगळूरला आणि अ‍ॅमेझॉनच्या लाइटसेलचं मुंबईला आहे, दरही परवडतात, पण सर्व्हरची सुरक्षा, अपडेट, डेटाबेस सगळं तुमच्या गळ्यात पडतं आणि ते पाहणारं माणूस खानापुरात कायम हवं.

मग नाव कुठलं? तुमच्या साइटला भारतात सर्व्हर असलेली, सीपॅनेल किंवा तसंच पॅनेल देणारी शेअर्ड योजना पुरते. सगळ्यात खालची नको, तिच्या वरची घ्या. नाशिकची माइल्सवेब आणि मुंबईचं सर्व्हर निवडता येणारं होस्टिंगर, या दोन्हींच्या आजच्या योजना वरच्या चाचणीला लावून पाहा, शिवाय स्थानिक कुणी रीसेलर (मोठ्या कंपनीचं होस्टिंग पुढे विकणारा) सुचवला तर त्यालाही तेच प्रश्न विचारा. सुरुवातीला महिन्याचं किंवा एका वर्षाचं घ्या, चार वर्षांचं नको. डोमेन, होस्टिंग, जीएसटी मिळून तुमच्या सहा-सात हजारांत हे बसेल.

आता हलवण्याचं. सीपॅनेल नसलं तरी वर्डप्रेसचा अ‍ॅडमिन पासवर्ड पुरेसा आहे. डॅशबोर्डमधून अपड्राफ्टप्लस किंवा डुप्लिकेटर लावा, डेटाबेस, थीम, प्लगइन आणि अपलोड यांची पूर्ण प्रत काढून आपल्या संगणकावर उतरवा. हे याच आठवड्यात करा, मुदतीची वाट पाहू नका. नव्या होस्टिंगवर तात्पुरत्या पत्त्यावर साइट उभी करा, मराठी-कन्नड पानं, जुन्या पीडीएफ, फोटो एकेक उघडून पाहा. दरम्यान पुण्याच्या त्या मुलाला फोन करा. बहुतेक वेळा ही मुलं आनंदाने मदत करतात, आजवर कुणी मागितलेलं नसतं इतकंच. त्याच्याकडून डोमेनचं लॉक काढून ट्रान्सफर कोड घ्या आणि डोमेन संस्थेच्या खात्यात आणा. डोमेन आधीच संस्थेच्या ईमेलवर असेल तर त्याचीही गरज नाही. नेमसर्व्हर (डोमेनला नव्या होस्टिंगकडे वळवणारी नोंद) बदलण्याच्या आदल्या दिवशी डीएनएसचा (डोमेनच्या पत्तापुस्तकाचा) टीटीएल, म्हणजे जुनी नोंद किती वेळ लक्षात ठेवायची तो काळ, ३०० सेकंदांवर आणा, जुन्या डीएनएसमधल्या, मेल कुठे पोचवायची ते सांगणाऱ्या एमएक्स नोंदी उतरवून घ्या आणि नव्या ठिकाणी जशाच्या तशा भरा. त्या विसरल्या तर साइट चालते आणि मेल गुपचूप बंद पडते. बदल केल्यावर जुनं होस्टिंग किमान पंधरा दिवस चालू ठेवा. तेवढ्या दिवसांत नवे लेख फक्त नव्या साइटवरच टाका, म्हणजे दोन्हीकडचा मजकूर जुळवत बसावं लागणार नाही.